घरखर्चाच्या वहीतलं पर्यावरण

पर्यावरणाची काळजी घेणं हे सुस्थितीतल्या माणसांचं काम आहे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्याला कारणंही आहेत. दुकानात 'निसर्गस्नेही' म्हणून मांडलेला साबण साध्या साबणापेक्षा महाग असतो, सेंद्रिय डाळीचा भाव ऐकून हात आखडतो, बांबूचा टूथब्रश आणि तागाची पिशवी ही भेट देण्याची वस्तू झाली आहे. महिन्याच्या पगारात घरखर्च बसवणाऱ्या माणसाला हे पाहून वाटतं की आधी मुलांची फी, आईचं औषध आणि घराचा हप्ता. बाकीचं नंतर बघू. हे पुस्तक त्या माणसासाठी लिहिलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरातल्या ज्या सवयींचा पर्यावरणाला खरा उपयोग होतो, त्यांतल्या बहुतेक विकत आणाव्या लागत नाहीत. उलट त्या पैसे वाचवतात. आणि ज्या सवयीने वाचलेला पैसा डोळ्यांना दिसतो, तीच सवय घरात टिकते. उपदेशाने सुरू झालेली शिस्त चार दिवसांत सुटते. पण पंखा बदलल्यावर किंवा गळका नळ दुरुस्त केल्यावर पुढचं बिल कमी आलं, की घरातल्या कुणालाच समजावत बसावं लागत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक सवयीसमोर तिचा हिशेब मांडला आहे. जिथे पैसे वाचत नाहीत, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

घरात येणारी प्रत्येक गोष्ट कुठून तरी काढून आणलेली असते. पुण्यात किंवा कल्याणला दिवा लागतो तेव्हा कुठेतरी कोळसा जळत असतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचं आहे. त्याची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो आणि वीज साऱ्या राज्याला मिळते. देशाची सरासरी धरली तर विजेच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या विजेला पाणीही लागतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. तीनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. वीज आणि पाणी ही आपल्या बिलांत दोन वेगळी खाती असली, तरी महाराष्ट्राच्या भूगोलात ती एकमेकांत अडकलेली आहेत. घरात एक वाचवलं की दुसरंही थोडं वाचतं.

विजेपासून सुरुवात केली आहे, कारण तिचा हिशेब सर्वांत स्पष्ट असतो. महावितरणचं घरगुती बिल नीट वाचणारी माणसं फार कमी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क या ओळींवरून नजर थेट खालच्या रकमेवर जाते. पण त्यातली एक गोष्ट समजली की पुष्कळ काही समजतं: दर टप्प्यांनी वाढतो. पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या दराने. गेल्या काही वर्षांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास किंवा वरच राहिला आहे, आणि सगळे आकार धरले तर त्या टप्प्यातलं एक युनिट दहा रुपयांच्या पुढे जातं. समजा, एखाद्या घरात महिन्याला १८० युनिटं लागतात आणि त्यांनी ४० वाचवली. ही चाळीसही युनिटं वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणजे वापर जेवढ्या टक्क्यांनी घटतो, त्याहून वीज आकार अधिक टक्क्यांनी घटतो. बचत करणाऱ्याला हा टप्प्यांचा दर साथ देतो आणि बेफिकीर घराला तोच चढत्या भावाने पैसे भरायला लावतो.

ही चाळीस युनिटं कुठून काढायची? आपल्या हवेत सर्वांत जास्त तास चालणारं यंत्र म्हणजे छताचा पंखा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. नवा पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो, त्यामुळे सतत चालणाऱ्या पंख्याची किंमत साधारण दीड वर्षात निघते. पाहुण्यांच्या खोलीतल्या, महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या पंख्याची ती कधीच निघणार नाही; तो बदलू नये. हा तास मोजण्याचा विचार सगळ्या उपकरणांना लागू पडतो. ६० वॉटचा पिवळा बल्ब जाऊन ९ वॉटचा एलईडी आला, त्यामागे जानेवारी २०१५ पासूनच्या 'उजाला' योजनेचा मोठा वाटा आहे. सरकारने घाऊक खरेदी केली, भाव कोसळले आणि एके काळी चैनीची वाटणारी वस्तू वस्तीवस्तीत पोचली. पर्यावरणाला हितकारक असलेली वस्तू स्वस्त झाली की लोक ती आपणहून घेतात, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही.

गरम पाण्याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. हा पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे, कुठल्याही कंपनीचा गिझर तो चुकवू शकत नाही. चौघांच्या घरात चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन आणि महिन्याला साठ युनिटं. गच्चीवर सौर बंब असेल तर पावसाळा सोडून हा खर्च जवळपास संपतो. तो शक्य नसेल तर गिझरचं तापमान खाली आणणं, अंघोळी लागोपाठ उरकणं आणि उन्हाळ्यात गिझर बंदच ठेवणं एवढं तरी करता येतं. टीव्ही बंद केल्यावरही सेट-टॉप बॉक्स जागाच राहतो. तो दहा वॉट घेत असेल तर महिन्याला सहा-सात युनिटं कुणी काही न पाहता जातात. वातानुकूलन यंत्राचा एक अंश वर नेला की त्याची वीज सुमारे सहा टक्क्यांनी कमी लागते, असं ऊर्जा दक्षता ब्युरोचं मार्गदर्शन आहे. म्हणूनच २०२० पासून तारांकित यंत्रं सुरू करताच २४ अंशांवर यावीत असा नियम झाला. सव्वीस अंश आणि सोबत मंद पंखा, यात आपल्याकडची बहुतेक माणसं शांत झोपतात.

छतावरच्या सौर विजेचं प्रकरण मी मुद्दाम या सगळ्यानंतर ठेवलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. एक किलोवॉटचं संयंत्र दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. पण आधी घराची भूक कमी करावी, मग पॅनेलचा आकार ठरवावा. ज्याने साठ-सत्तर युनिटं आधीच वाचवली, त्याला दोनऐवजी दीड किलोवॉटमध्ये भागवता येईल आणि गुंतवणूकही तेवढी कमी लागेल.

स्वयंपाकघराचं प्रकरण सर्वांत मोठं आहे, कारण तिथे आपली परंपरा सर्वांत समृद्ध आहे. आधी इंधन. पाणी उकळायला लागलं की ते शंभर अंशांच्या आसपासच राहतं. आच कितीही मोठी ठेवली तरी त्यातला वरण-भात लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. म्हणून उकळी आली की आच बारीक आणि भांड्यावर झाकण, हा गॅस वाचवण्याचा पहिला नियम. राजमा, हरभरा, चवळी रात्री भिजवली तर कुकरच्या शिट्ट्या निम्म्यावर येतात. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर ती हवाच तापवते. उकळी आलेलं भाताचं भांडं जाड रजईत गुंडाळून खोक्यात ठेवलं तर उरलेलं शिजणं आच न देता होतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, इंधनाच्या या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं घरगुती बायोगॅस संयंत्र शेणाऐवजी खरकट्यावर चालतं. त्यामागचा विचार सरळ आहे: शेण हे जनावराच्या पोटात बरंचसं पचून आलेलं असतं, तर उरलेल्या भातात, पिठात, सडक्या फळांत जंतूंना अजून भरपूर खाद्य शिल्लक असतं. या कामाला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

इंधनाहून मोठी बचत मात्र अन्नातच आहे. टाकून दिलेल्या भाजीबरोबर तिला घातलेलं पाणी, खत, वाहतुकीचं डिझेल आणि आपण दिलेले पैसे, हे सगळं टाकलं जातं. याला उत्तर म्हणून नवी पाककृती शोधायची गरज नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचं थालीपीठ, शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, आंबट झालेल्या ताकाची कढी: हे सगळं आपल्या घरांत होतंच. त्यातलं कितीतरी 'उरल्यासुरल्याचं' म्हणून मागे पडलं. उन्हाळ्यातलं वाळवण म्हणजे सूर्याच्या फुकट उष्णतेने केलेली साठवण. कुरडया, सांडगे, वाळवलेली गवार यांना फ्रीजमध्ये जागा लागत नाही. हंगामात स्वस्त असतं तेव्हा भरून ठेवायचं आणि बिगरहंगामी, लांबून येणारं महाग घ्यायचं नाही, या जुन्या शहाणपणात खिसा आणि निसर्ग दोघांचंही भलं आहे. आठवड्याचा बेत कागदावर लिहून बाजारात जाणं, आणि फ्रीजमधलं जुनं पुढे, नवं मागे ठेवणं, या दोन सवयींनी भाजीचा खर्च जेवढा कमी होतो तेवढा भावाची घासाघीस करून होत नाही.

पाण्याच्या प्रकरणात पैशांचं गणित जरा वेगळं आहे. महापालिकेचं पाणी इतकं स्वस्त असतं की ते वाचवून बिलात फारसा फरक दिसत नाही. पण उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पाण्याची खरी किंमत दिसते, आणि ती देखभाल खर्चातून प्रत्येक घर भरतं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंचवीसेक लिटर घालवतो. वायसर बदलायला काही रुपये लागतात. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी लावली की भांडी तेवढीच स्वच्छ निघतात आणि पाणी निम्म्याहून कमी लागतं. शॉवर मिनिटाला दहाएक लिटर ओततो, बादलीत अंघोळ वीस लिटरांत होते. आरओ यंत्राचा विचार तर प्रत्येक घराने पुन्हा करावा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, शिवाय वीज आणि दरवर्षीच्या फिल्टरचा खर्च. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओला बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. धरणाचं पाणी पिणाऱ्या अनेक शहरांत क्षारांचं प्रमाण याहून बरंच कमी असतं. तिथे जंतूंसाठी उकळणं किंवा अतिनील दिव्याचं साधं यंत्र पुरतं. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. म्हणून आधी पाणी तपासावं, मग यंत्र घ्यावं.

कपडे आणि वस्तूंबद्दल एवढंच सांगतो, की सर्वांत निसर्गस्नेही वस्तू ती, जी घरात आधीपासून आहे. जुनी लुगडी थरावर थर शिवून झालेली गोधडी, जुन्या कपड्यांवर भांडं देणारी बोहारीण, रद्दीवाला, छत्री दुरुस्त करणारा, मिक्सरची मोटर बांधून देणारा: ही सगळी वस्तूंचं आयुष्य वाढवणारी व्यवस्था होती आणि तिच्यातले पुष्कळ जण अजून आहेत. दुरुस्तीला दिलेले दोनशे रुपये कुणाच्या तरी हातातलं कसब जिवंत ठेवतात आणि आपले दोन हजार वाचवतात. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी काचेचे आकर्षक डबे आणायला निघालेल्या वाचकाला माझी विनंती आहे, की असलेले डबे फुटेपर्यंत वापरा.

कचऱ्याच्या बाबतीत मी वाचकाला खोटी आशा दाखवणार नाही. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करून कुणी श्रीमंत होत नाही. कुंड्यांचं खत आणि थोडी मेथी-पुदिना एवढी त्याची थेट मिळकत. पण घरच्या कचऱ्याचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग ओला असतो. तो घरातच जिरला तर गाडीतून न्यायला फारसं काही उरत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली आणि मुंबईची हवा काळवंडली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याचा कचरा आपल्या अंगणात नको म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. तो कचरा आपल्याच घरांतून गेला होता, आणि तो वाहून नेण्याचा खर्चही आपल्याच करातून झाला. दुसऱ्या बाजूला, पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, आणि २००८ पासून तिच्या सदस्य दारोदार कचरा गोळा करू लागल्या. आपण सुका कचरा कोरडा आणि वेगळा दिला, तर दारी येणाऱ्या या कचरावेचक बाईला सडक्या अन्नात हात घालावा लागत नाही आणि विकण्याजोगा माल तिच्या हाती पडतो. हा पैसा आपल्या घरात येत नाही, तिच्या घरात जातो. तो या हिशेबात धरलाच पाहिजे असं मला वाटतं.

आता दोन इशारे, जे मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की काटकसरीचं ओझं घरातल्या एकाच माणसावर पडू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी जे काही वाया जाऊ दिलं नाही, त्यामागे त्यांचे अपार कष्ट होते, आणि ते कष्ट कुठल्याच जमाखर्चात लिहिले गेले नाहीत. आज कचरा वेगळा करणं, डाळ भिजवणं, पिशव्या धुणं हे सगळं पुन्हा आईच्याच किंवा सुनेच्याच वाट्याला येणार असेल, तर ती बचत नव्हे. एका माणसाच्या वेळेवर टाकलेला तो खर्च आहे. म्हणून या पुस्तकातली कामं घरभर वाटून घेण्याच्या सूचना प्रत्येक प्रकरणात आहेत. जिथे एखादी सवय वेळ जास्त खाते आणि पैसे कमी वाचवते, तिथे ती सोडून देण्याचा सल्लाही आहे.

दुसरा इशारा वाचलेल्या पैशांबद्दल. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्ये दाखवून दिलं की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली, तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. यंत्रं वाढली आणि खपही वाढला. घरातही हे घडतं. एलईडी स्वस्त पडतो म्हणून दिवे रात्रभर चालू राहतात, पंख्यात वाचलेल्या पैशांतून आणखी एका खोलीत वातानुकूलन येतं. वाचलेला पैसा कुठे जाणार हे आधी ठरवलं, तर हा फेरा टळतो. तो मुलांच्या शिक्षणात जावा, कर्जाचा हप्ता लवकर फिटावा, गच्चीवर सौर बंब यावा, किंवा महिन्याला एक सुटीचा दिवस मोकळा मिळावा.

घरातल्या सवयींनी हवामानबदल थांबेल, असा माझा दावा नाही. वीज कोळशातून करायची की सूर्यापासून, शहरात बस वाढवायच्या की उड्डाणपूल, हे निर्णय घराबाहेर होतात. पण जे घर आपलं बिल वाचायला शिकलं, ते बाहेरही नेमके प्रश्न विचारतं. सोसायटीच्या सभेत टँकरचा वर्षाचा खर्च आणि पर्जन्यजल संधारणाचा खर्च शेजारी शेजारी मांडणारा सभासद, वॉर्डातल्या गळक्या जलवाहिनीचा पाठपुरावा करणारी गृहिणी, जिन्यातले दिवे दिवसाही का जळतात असं विचारणारा शाळकरी मुलगा, ही माणसं घरच्या हिशेबातूनच तयार होतात.

हे पुस्तक कसं वापरावं याबद्दल शेवटी थोडंसं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना तयार उत्तरं दिली नाहीत. आपल्या शेतात स्वतः प्रयोग करा, मोजा, एकमेकांना सांगा, असा मार्ग दाखवला. घरालाही तोच मार्ग लागू पडतो. तुमचं घर भाड्याचं असेल, चाळीतलं असेल, बंगला असेल किंवा गावातलं कौलारू घर असेल; ते कसं आहे, माणसं किती, म्हातारी किती, लहान किती, यावर कोणती सवय फायद्याची हे ठरेल. म्हणून सगळं एकदम सुरू करू नका. गेल्या बारा महिन्यांची बिलं एकत्र काढा, सर्वांत मोठा खर्च कोणता ते पाहा आणि तिथली एकच सवय निवडा. तीन महिने ती पाळा, आकडे लिहून ठेवा. फरक पडला तर शेजाऱ्याला आकड्यांसकट सांगा. पडला नाही तर ती सवय सोडून पुढचं प्रकरण उघडा.